भिंतीकडची ओळ

धोटा उडालेला कानाला कळत नाही. गिरणीच्या साळखात्यातले सगळे साचे, म्हणजे विणायचे यंत्रमाग, एकदम खडखडायला लागले की शेजारचा माणूस ओरडला तरी त्याचे नुसते ओठ हलताना दिसतात. त्या सकाळी मला दिसलं ते एवढंच, की भिंतीकडच्या ओळीतला एक तरणा साचेवाला दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसला. मला वाटलं, चक्कर आली. मग त्याच्या बोटांतून रक्त यायला लागलं आणि चार हातांवर फरशीवर पडलेला धोटा मला दिसला.

धोटा म्हणजे हातभर लांबीचा लाकडी तुकडा. आत सुताची कांडी आणि दोन्ही टोकांना लोखंडी अणी. साचा चालू असताना तो ताण्याच्या दोऱ्यांमधून या पेटीतून त्या पेटीत सारखा फेकला जातो, इतक्या वेगानं की डोळ्याला नुसती रेघ दिसते. वाट चुकला की तो साच्याबाहेर येतो, आणि पुढं भिंत आहे का माणूस आहे हे त्याला कळत नाही. त्या दिवशी माणूस होता. आम्ही त्याचे हात बाजूला केले तेव्हा उजव्या डोळ्याच्या जागी बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्याला खांद्यावर टाकून नेलं. जाताना तो आईला हाका मारत होता. त्याही नुसत्या ओठांनीच, कारण बाकीचे साचे चालूच होते.

धोटा ज्या साच्यातून उडाला, तो साचा एका तेलुगू विणकराचा होता. पन्नाशीला आलेला, बारीक अंगाचा, हातमागावर वाढलेला माणूस. आम्ही सगळे त्याला अण्णा म्हणायचो. पट्टा काढून, साचा थांबवून तो तिथंच उभा होता.

तेवढ्यात जॉबर आला. ओळीतल्या साचेवाल्यांवर देखरेख करणारा तो जॉबर. माणूस धिप्पाड, आणि त्याच्या हातात कायम इंजिनाच्या जुन्या पट्ट्याचा हातभर चामडी तुकडा असायचा. मला त्यानं बोटानं बोलावलं आणि कानाशी तोंड आणून ओरडला, "मशीन बघ!"

मी त्या खात्याचा फिटर. माणदेशाकडच्या मेंढपाळाच्या घरात जन्मलो. दुष्काळात मेंढरं मेली तेव्हा सोलापूरला आलो आणि सात-आठ वर्षांत हातात पाना धरायला शिकलो. वय तिशीच्या आत. माझ्या हाताला चूक सापडते असं खात्याचे मास्तर चारचौघांत म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. मी गुडघ्यावर बसलो. धोट्याच्या दोन्ही पेट्या तपासल्या. धोट्याला तडाखा देणारा चामडी पिकर तपासला, घासलेला नव्हता. धोटा ज्या फळीवरून पळतो तिच्यावर पोलादी पट्टी ठेवून बघितली. खालून उजेडाची रेघसुद्धा येत नव्हती. ताण्याचे दोरे ओवलेली फणी सरळ होती, बोल्ट घट्ट होते. साच्यात खोट नव्हती.

अण्णा माझ्याजवळ वाकला. "मिस्त्री, खाली बघा. फरशीत काही तरी हाय. पाय भाजतात हितं."

मी ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. मार चुकवायला माणूस काहीही बोलतो, असं वाटलं. मी उठलो आणि जॉबरला म्हणालो, "मशीन बरोबर हाय."

जॉबरला एवढंच पाहिजे होतं. त्यानं अण्णाची मान धरून त्याला दोन साच्यांमधल्या बोळात वाकवलं आणि तो चामडी तुकडा पाठीवर घालायला सुरुवात केली. तुकड्याच्या टोकाला पट्टा जोडायची पितळी पकड तशीच होती. ती प्रत्येक फटक्याला सदऱ्यात रुतायची आणि निघताना कापड घेऊन यायची. अण्णा ओरडत असेल, नसेल. काही ऐकू येत नव्हतं. त्यानं एकदाच मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी पाना पुसत उभा होतो. ओळीतले बाकीचे साचेवाले आपापल्या कापडावर नजर लावून होते. कुणी हात थांबवला असता तर पुढचा फटका त्याला होता.

एवढ्यावर भागलं नाही. संध्याकाळी भोंगा झाला आणि आम्ही फाटकाबाहेर पडलो, तर डोळा गेलेल्या पोराचे तिघं भाऊ बाहेर थांबलेले. अक्कलकोटकडचे शेतकरी होते. निरोप मिळताच निघून आले होते. जॉबरनंच कुणाकडून तरी त्यांना सांगितलं असणार, की फिटरनं मशीन तपासलंय, मशीन बरोबर हाय, चूक त्या म्हाताऱ्याची. त्यांनी अण्णाला रस्त्याच्या कडेला पाडलं. दोघांनी लाथा घातल्या. तिसरा, थोरला, अण्णाच्या उजव्या हातावर गुडघा देऊन बसला आणि रस्त्याच्या कडेचा दगड उचलून त्यानं तो हात ठेचला. एकदा नाही, तीन-चार वेळा. तो ठेचताना रडत होता आणि कानडीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. मला कानडी थोडी कळायची. "ह्याच हातानं, ह्याच हातानं," असं तो म्हणत होता.

फाटकाशी शेकडो माणसं होती. मीही होतो, आणि हललो नाही. कुणी तरी पोलीस पोलीस ओरडलं तेव्हा भाऊ पळाले, आणि अण्णाच्या पेठेतल्या चौघांनी त्याला धोतराच्या झोळीत घालून नेलं. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव हजेरीतून काढलं. कारण विचारायला कुणी गेलं नाही. फिटरचा शब्द होताच.

चार दिवसांनी त्याच ओळीत पुन्हा धोटा उडाला.

या वेळी साचा दुसरा होता, साचेवाला दुसरा होता, आणि वाटेत मी होतो. डाव्या हातावर कुणी तरी पहार घातल्यासारखं वाटलं. हात उचलायला गेलो तर कोपराखालचा भाग दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा लोंबला. तसाच खाली बसलो आणि बघतो तर जॉबर त्या साचेवाल्याकडं निघालेला, हातात तोच चामडी तुकडा.

पण आज ओळ थांबली. एकानं पट्टा काढला, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी. भिंतीकडच्या साऱ्या साच्यांची धडधड बंद पडली, आणि त्या ओळीपुरतं का होईना, माणसाचं बोलणं ऐकू यायला लागलं.

"कुणाला मारतो रे?" एकजण म्हणाला. "आता पण मशीन बरोबर हाय काय?"

जॉबरनं पहिला फटका त्यालाच मारला. तो त्याचा शेवटचा फटका. साच्यात धोट्याला ढकलणारी जी लाकडी दांडी असते, तसल्या फुटक्या-तुटक्या दांड्या भिंतीशी रचून ठेवलेल्या असायच्या. त्या एकेकाच्या हातात आल्या. जॉबर दोन पावलं मागं सरला, साच्याला अडखळला आणि पडला. मग मला नुसत्या पाठी दिसत होत्या आणि वर-खाली होणाऱ्या दांड्या. लाकूड मांसावर पडताना वेगळं वाजतं आणि हाडावर पडताना वेगळं, हे मला त्या दिवशी कळलं. जॉबर आधी शिव्या देत होता, मग देवाचं नाव घेत होता, मग गप्प झाला. दरवान आणि मास्तर धावत आले नसते तर तो तिथंच संपला असता. त्याचं डोकं दोन ठिकाणी फुटलं होतं आणि एका कानाची पाळी लोंबत होती. पोलिसांनी सहा जणांना नेलं. फरशीवरचं रक्त भुसा टाकून पुसलं, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर बदली माणसं लावून ओळ पुन्हा चालू झाली.

हाडवैद्यानं माझा हात बांबूच्या कामट्या लावून बांधून दिला. दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो तेव्हा मास्तरांनी बोलावलं. ते विणाईतले जाणते गृहस्थ होते. मारहाण त्यांना आवडत नसे, पण ती थांबवतही नसत.

"दोन महिन्यांत त्या ओळीत किती धोटे उडाले?" त्यांनी विचारलं.

मी मोजले. कळलेले पाच. दोन भिंतीला लागले होते, एक कुणाच्या मांडीला चाटून गेला होता, चौथ्यानं डोळा घेतला, पाचव्यानं माझा हात.

"आणि पाची वेळा तू मशीन तपासलंस?"

"व्हय. प्रत्येक वेळी बरोबर होतं."

"मग हे साचेवाले मुद्दाम करतायत. रविवारी सुट्टी आहे. सोमवारी ही सगळी ओळ बदलतो. एकालाही ठेवत नाही."

मी बाहेर आलो. आतापर्यंत एक घर माझ्या शब्दानं बुडालं होतं. आता अख्खी ओळ. हात ठणकत होता. मी तेलाच्या खोलीच्या दाराशी टेकून उभा राहिलो.

इंजिनाची गती साच्यांना देणाऱ्या, छताखालच्या फिरत्या दांड्यांना तेल घालणारा एक म्हातारा मुसलमान होता. आम्ही त्याला चाचा म्हणायचो. तीस वर्षं तो डोक्यावरच्या दांड्यांखालून हातात तेलाची झारी घेऊन फिरला होता. झारी भरता भरता त्यानं माझ्याकडं बघितलं.

"क्या देखा तू मशीन में?"

मी सगळं सांगितलं. पेटी, पिकर, फळी, फणी.

"बंद कर को देखा?"

"मग काय चालू ठेवून बघू? बोटं जातील."

"अरे मियाँ," चाचा म्हणाला, "बीमार आदमी जब बुखार में बड़बड़ाता, तब तू आता नहीं. वो सो जाता, तब तू आ को बोलता, अच्छा है. धोटा बंद मशीन में से उड़ता क्या?"

मला त्याचा राग आला. इतका, की उजवा हात उगारलाही असता. पण तो बोलला ते खरं होतं. मी पाची वेळा पाच साचे तपासले होते, एकेक, सुटा, थांबवलेला. पाची एकाच ओळीतले का, हे मी स्वतःला एकदाही विचारलं नव्हतं.

मग मी निराळ्या वाटेनं गेलो. कोळशाचा तुकडा घेतला आणि तेलाच्या खोलीच्या भिंतीवर ती ओळ काढली. उडालेल्या पाच धोट्यांच्या जागी फुल्या मारल्या. पाची फुल्या ओळीच्या एका टोकाला, बॉयलरखान्याच्या बाजूला आल्या. दुसऱ्या टोकाला एकही नाही. नंतर वेळा. साचेवाले मला बघून तोंड फिरवत होते. मी अण्णाचं काय केलं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकजण माझ्या पायाजवळ थुंकला. तरी मी प्रत्येकाला विचारलं, धोटा उडाला तेव्हा किती वाजले होते. घड्याळ कुणाकडं नव्हतं. एक म्हणाला, सकाळचा पहिला तागा अर्धा झाला होता. दुसरा म्हणाला, दुपारी ऊन खिडकीतून खाली उतरलं होतं तेव्हा. हळूहळू जुळत गेलं. सकाळी नऊच्या सुमाराला, नाहीतर दुपारी तीनच्या. मधल्या वेळी एकदाही नाही.

नऊ आणि तीनला गिरणीत काय होतं? हे मी चाचाला विचारलं. तो लगेच म्हणाला, "बॉयलर का पानी छोड़ते. मैं तेल लेने कू उधर जाता ना, रोज देखता."

बॉयलरच्या तळाशी गाळ साचतो. तो काढायला दिवसातून दोनदा तोटी उघडून उकळतं गढूळ पाणी जोरानं बाहेर सोडतात. ते एका नळातून गटाराला जातं. तो नळ कुठून जातो हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नीट माहीत नव्हतं. गिरणी बांधली तेव्हा तो जमिनीत पुरला होता आणि पुरणारी माणसं कधीच गेली होती.

शनिवारी सकाळी नऊच्या आधी मी चाचाकडून छताच्या लोखंडी तुळईला गवंड्याचा ओळंबा बांधून घेतला आणि दोरी अण्णाच्या साच्याच्या कडेला अगदी लागून येईल अशी सोडली. साचा चालू होता. बदली साचेवाला मला शिव्या देत होता. मी पालथा पडून दोरीकडं बघत राहिलो. साचा थरथरत होता, दोरी थरथरत होती, पण दोघांतलं अंतर तेवढंच होतं. मग नऊ वाजले असावेत. दोरी आणि साचा यांच्यात फट पडायला लागली. दोरी सरकली नव्हती, साचा भिंतीकडं कलला होता. बोटभर कलला आणि थोड्या वेळानं आपोआप परत जाग्यावर आला. त्या तेवढ्या वेळात मी धोट्याकडं बघितलं. पेटीत शिरताना तो फाडफाड आपटत होता. त्या दिवशी उडाला नाही, एवढंच.

मी वहाणा काढल्या आणि साच्यामागच्या फरशीवर उभा राहिलो. शहाबादी फरशी थंड असते, अगदी उन्हाळ्यातही. ही गरम होती. अण्णानं मला नेमकं हेच सांगितलं होतं. साचेवाले अनवाणी काम करतात. त्यांच्या तळव्यांना महिनाभर आधी कळलेलं मला पायात वहाणा असल्यामुळं कळलं नव्हतं, आणि कुणी सांगितलं तेव्हा मी ऐकलं नव्हतं.

रविवारी सुट्टी. मास्तरांची परवानगी घेऊन मी आणि चाचा दोघंच साळखात्यात आलो. साचे बंद, इंजिन बंद. एवढी शांतता त्या जागेत मला सहन होईना. एका हातानं मला पहार धड धरता येत नव्हती. चाचानं फटीत टोक घातलं आणि मी अंगाचा भार दिला. फरशी कडेनं वर आली. खाली माती नव्हती. पोकळी होती, कमरेइतकी खोल, काळी, ओली, आणि त्यातून कुजक्या गंधकासारखा वास येत होता. साच्याचे दोन पाय ज्या फरशीवर होते, ती फरशी निम्मी हवेतच उभी होती. मी वाकून आत बघितलं. भिंतीच्या पायाशी नळ फुटलेला दिसला. सोडलेलं पाणी तिथून निसटून वर्षानुवर्षं माती घेऊन जात होतं. पाणी जोरात सुटलं की ती अधांतरी फरशी हलायची आणि साचा कलायचा.

मी आनंदानं ओरडलो. चाचाला म्हणालो, सापडलं. आणि नीट दिसावं म्हणून डावा पाय पोकळीच्या काठावर टाकला.

इंजिन बंद होतं म्हणून मी धरून चाललो होतो, की सगळंच बंद आहे. सुट्टीच्या दिवशी बॉयलर धुवायचा म्हणून त्यातलं सगळं पाणी सोडून देतात, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बॉयलरखान्यात जाऊन दोन शब्द सांगायला काय लागत होतं? मी सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडं कुणी तरी तोटी उघडली. पोकळीतून आधी घरघर आली, मग पांढरी वाफ, आणि तिच्यामागून उकळता चिखल उसळून माझ्या पायावर आला.

मी किंचाळलो ते मला स्वतःला ऐकू आलं, कारण साचे बंद होते. चाचानं मला काखेत धरून ओढलं. त्याच्याही हातांवर चिखल उडाला, पण त्यानं मला सोडलं नाही. त्यानं माझा पायजमा सोडवायला घेतला तेव्हा कापडाबरोबर गुडघ्याखालची कातडीही ओल्या कागदासारखी निघून आली. मी त्याच्या मनगटाला चावलो. तो म्हणत होता, "हौ, काट, काट ले." मला ते अजून आठवतं.

तीन आठवडे मी दवाखान्यात पडून होतो. मास्तर भेटायला आले. त्यांनी ती पोकळी स्वतः बघितली होती. नळ बाहेरच्या अंगानं नवा टाकायचं ठरलं, पोकळी दगड-चुन्यानं भरली, ओळीतले साचे पुन्हा पातळीत बसवले. ओळ काढून टाकायची गोष्ट बंद झाली. धरलेल्या सहा जणांपैकी चौघं सुटून आले, दोघांना शिक्षा झाली. जॉबरचं डोकं त्यांनी फोडलं होतं ते फोडलंच होतं, त्याला नळ फुटल्याची सबब चालली नाही.

मी काठी घेऊन कामावर परतलो तेव्हा जॉबरही परतला होता. डोक्यावरचे केस टाक्यांच्या जागी उगवले नव्हते आणि एक कान आखूड झाला होता. मी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, "मी चुकलो होतो. अण्णाची काही चूक नव्हती. तू त्याला फुकट मारलंस."

तो हसला. "मी कुठं मारलं? तू म्हनलास मशीन बरोबर हाय. मी निस्ता हात चालवला. मारलं तूच की."

मी काठी उलटी धरली आणि त्याच्या तोंडावर घातली. त्याचे दोन दात पडले. तो माझ्या भाजलेल्या पायावर लाथ मारून पडला, आणि मी त्याच्या अंगावर पडलो. आम्हाला सोडवलं तेव्हा माझ्या मुठीत त्याचा सदरा होता आणि त्याचा अंगठा माझ्या गळ्यात रुतलेला होता. मी त्याला मारलं ते तो खोटं बोलला म्हणून नव्हे. एवढं मला तेव्हाही कळत होतं.

अण्णाच्या घरी जायला मला आणखी पंधरा दिवस लागले. तेलुगू विणकरांच्या पेठेत त्याची एक खोली होती. घरोघर हातमागाचा ठोका चालू होता, त्याच्या घरात नव्हता. माग कोपऱ्यात उभा होता आणि अण्णा दारात बसला होता. उजव्या हाताची बोटं एकमेकांत वाढल्यासारखी वाकडी झाली होती. तुटलेल्या दोऱ्याची गाठ मारायला दोन्ही हातांची बोटं लागतात. त्या हातानं आता साचा चालवणं शक्य नव्हतं.

मी उभ्यानंच सगळं सांगितलं. ओळंबा, फरशी, पोकळी. माझा शब्द खोटा होता, हेही. सगळं सांगून झाल्यावर तो उठला, माझ्यासमोर आला आणि डाव्या हातानं माझ्या थोबाडीत मारली. सवयीचा हात नव्हता, पहिली नीट बसली नाही. मग त्यानं दुसरी मारली. तिसरीला माझा ओठ फुटला. आतून त्याची बायको तेलुगूत काही तरी ओरडत आली आणि तिनं त्याचा दंड धरला. तो धापा टाकत होता.

"किती खोल होतं?" त्यानं विचारलं.

"कमरेइतकं."

"माझ्या साच्याखाली?"

"तुमच्याच."

तो परत बसला. त्यानं आपल्या पायांकडं बघितलं. "मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "तुमाला सांगितलं होतं मी." मग त्यानं बायकोला खूण केली आणि तिनं मला तांब्याभर पाणी आणून दिलं. माझ्या ओठाचं रक्त त्यात पडलं. मी तसंच प्यायलो.

अण्णाला गिरणीनं परत घेतलं नाही. मी मास्तरांकडं तीनदा गेलो. हात नसलेला साचेवाला कशाला, असं ते म्हणाले. पुढं त्याची बायको घरी कांड्या भरायची आणि तो डाव्या हातानं रहाट फिरवायचा. मी रविवारी जायचो. रहाट दुरुस्त करून द्यायचो, कधी नुसता बसायचो. तो माझ्याशी फार बोलत नसे. ये म्हणायचा नाही, जा म्हणायचा नाही.

डोळा गेलेला पोरगा गावी परत गेला. पण त्याचा थोरला भाऊ, ज्यानं दगड घातला होता, तो एकदा मला शोधत गिरणीच्या फाटकाशी आला. नळाची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. मी त्याला आत नेऊन भरलेली पोकळी दाखवली. नव्या चुन्याच्या पांढऱ्या चौकोनाकडं तो उकिडवा बसून बघत होता. त्यानं विचारलं, म्हातारा कुठं राहतो. मी सांगितलं, आणि सांगितल्यावर मला भीती वाटली.

पुढच्या रविवारी तो दिवसभर अण्णाच्या दारासमोर रस्त्यावर बसून होता. डोक्याला पटका नाही, पायात वहाणा नाही. अण्णा बाहेर आला नाही. पेठेतली तरणी माणसं जमा झाली आणि त्याला मारायला धावली. दोन-तीन दगड त्याला लागलेही. तो हलला नाही, त्यानं हात वर केला नाही. शेवटी अण्णाची बायको बाहेर आली आणि त्याला म्हणाली, "जा. हितं बसून त्याचा हात येणार हाय का?" तेव्हा तो उठून गेला.

सुगीनंतर त्यानं ज्वारीचं एक पोतं आणून दारात ठेवलं आणि निघून गेला. अण्णाच्या बायकोनं ते पोतं फोडून रस्त्यावर उपडं केलं. पेठेतल्या शेळ्या दोन दिवस खात होत्या.

पुढच्या सुगीला पुन्हा पोतं आलं, तेव्हा मी तिथंच होतो. अण्णा आत रहाटावर होता. त्यानं रहाट थांबवला नाही. त्याची बायको दारात उभी राहून कितीतरी वेळ त्या पोत्याकडं बघत होती. तो माणूस पार वळणाशी गेला होता. मग तिनं त्याच्या पाठीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "मिस्त्री, एकटीला उचलत नाही. जरा हात लावा."

मी एका बाजूनं धरलं, तिनं दुसऱ्या बाजूनं धरलं, आणि आम्ही ते आत घेतलं.